रीड, रेड, रेड

माझं पहिलं स्थळ इंग्रजी व्याकरणामुळे मोडलं.

मी तेव्हा नुकतीच अकरावी मॅट्रिक झाले होते आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याचा फार गाजावाजा होता. आबा गिरणीत कामाला, इंग्रजीचं एक अक्षर ओळखत नसत. पण "आमची सुमी इंग्रजीत लई हुशार हाय," हे त्यांनी होटगीच्या पाहुण्यांना दारातच सांगून टाकलं. पाहुणे म्हणजे मुलगा, त्याची कमी ऐकू येणारी आत्या आणि कचेरीत कारकून असलेले त्याचे मामा. मुलगा दिसायला बरा होता. (बरा म्हणजे चांगलाच होता. चहा देताना मी दोनदा बघून घेतलं.)

"हुशार आहे म्हणता, मग बघू या की," म्हणत मामांनी बशी उचलली. "बशी. जात सांग." (शब्दाची जात, पार्ट ऑफ स्पीच. आमची त्यांनी आधीच विचारून घेतली होती.)

"नाउन."

"चहा गरम आहे. गरम?"

"अ‍ॅडजेक्टिव्ह."

"मी तो हळूहळू पितो. हळूहळू?"

"अ‍ॅडव्हर्ब. आणि पितो हे व्हर्ब." हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं.

प्रत्येक उत्तराला आबा मिशीवरून हात फिरवून सगळ्यांकडे बघायचे, जणू उत्तर त्यांनीच दिलं होतं. मामांना ते बघवेना.

"बरं. वाचणे, म्हणजे रीड. तिन्ही रूपं सांग."

"रीड, रेड, रेड."

"चूक. स्पेलिंग तिन्हींचं एकच असतं. रीड, रीड, रीड."

इथे गप्प बसण्यात शहाणपण होतं. आईने स्वयंपाकघरातून तसं खुणावलंही. पण गप्प बसेन तर मी कसली!

"स्पेलिंग एकच आहे मामा, पण उच्चार रेड."

"रीड."

"रेड!"

आत्या दचकल्या. "अगं बया, पोरगी मामाला रेडा म्हणती की!"

आबा धावत त्यांच्या कानाशी गेले आणि ओरडले, "रेडा न्हाय, आत्याबाई, रेड!" आणि समजावण्याच्या भरात बोट नेमकं मामांकडे. शेजारच्या तीन बायका खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. मामांनी टोपी चढवली, आत्यांना हाताला धरलं आणि ते जिना उतरू लागले.

मुलगा चपला घालता घालता हळूच म्हणाला, "काका, रेडच बरोबर आहे. मला ठाऊक होतं. पण मामांपुढं बोलता येईना."

"ठाऊक असून ज्याच्या तोंडातनं शबूद फुटत न्हाय," आबा म्हणाले, "त्याला माझी पोर द्यायची न्हाय मला."

दार लावून ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "कारकुनाला हरवलंस गं पोरी." मला इतका अभिमान वाटला की मान आपोआप ताठ झाली.

"पण काय गं," आईने विचारलं, "तुला पसंत होता का मुलगा?"

होता. वर्तमानकाळात होता, भूतकाळात होता, भविष्यकाळातही दिसत होता. पण आबा इतके खुशीत होते, की त्यांच्यापुढे माझ्याही तोंडातून शब्द फुटला नाही.