मुळाशी मातीचा गोळा: चुरीबाईंचा शनिवारचा वर्ग

हेमलता चुरी बाईंची आणि माझी पहिली भेट बोईसरजवळच्या पाम गावच्या शाळेतल्या एका वर्गात, एका शनिवारी दुपारी झाली, आणि त्या भेटीत मी सपशेल नापास झाले.

त्याला वीसेक वर्षं झाली. वडील साताऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आलेले. मी बोईसरलाच वाढले, रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. इंग्रजी व्याकरणात मला नेहमी चांगले गुण असत. पण पाळी बदलताना पुढच्या माणसाला इंग्रजीत काम सांगायचं झालं, की क्रियापद तोंडातून बाहेर पडे आणि त्याच्यामागून येणारा छोटा शब्द घशात अडके. ‘वेट’ येई, त्यापुढे ‘फॉर’ की ‘टू’ हे ठरेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. कोणीतरी बाईंच्या वर्गाचं नाव सुचवलं. कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी बाई दर शनिवारी हा वर्ग विनामूल्य घेत.

त्या दिवशी बाईंनी इंग्रजीत एका दमात सांगितलं: खुर्चीवरून उठा, खिडकीपाशी जा, खिडकीतून बाहेर बघा, परत या आणि भिंतीला टेकून उभे राहा. मी मनातल्या मनात एकेक शब्द मराठीत आणत बसले. शेजारी एडवणचे रघुनाथदादा तरे होते. सातवीपर्यंत शिकलेले, बॉयलरवर काम करणारे. ते केव्हाच भिंतीला टेकले होते.

‘‘मॅडम, तुमी अजून खुर्चीतच? खिडकी काय चालत येनार हाय तुमच्याकडं?’’

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘त्यांनी वाक्य पायाने ऐकलं. तुम्ही अजून ते डोक्याने वाचताय.’’

हे वाक्य त्या रात्री मी डायरीत लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘परत जाणार नाही.’ पुढच्या शनिवारी गेले.

बाईंचं बालपण एडवणच्या वाडीत गेलं. मिरचीचं रोप एका वाफ्यातून दुसऱ्यात नेताना मुळाशी मातीचा गोळा ठेवतात, नाहीतर रोप मान टाकतं. बाईंची सगळी शिकवण या एका गोष्टीवर उभी आहे. इंग्रजी क्रियापद एकटं उचलायचं नाही, असं त्या म्हणतात. ‘लिसन’ पाठ करायचं नाही. ‘लिसन टू द सुपरवायझर’ पाठ करायचं. ‘लाफ’ नाही; ‘लाफ ॲट मी’. आपल्याकडे ‘ला’, ‘वर’, ‘पाशी’ नामाच्या पाठीला चिकटून बसतात. तिकडे क्रियापद आपला सोबती निवडतं आणि त्याला घेऊनच घराबाहेर पडतं. त्याची कारणं शोधत बसू नका, गोळा फुटू देऊ नका, एवढंच त्यांचं सांगणं.

म्हणून वर्गाचा नियम असा, की प्रत्येकाने आठवड्यात खरोखर ऐकलेली किंवा बोललेली पाच वाक्यं वहीत आणायची. प्रत्येक वाक्यापुढे ते कोण, कुठे, कोणाला म्हणालं ते लिहायचं, आणि वाक्य सर्वांसमोर करून दाखवायचं. एकदा कामाच्या गडबडीत मी पाच वाक्यं पुस्तकातून उतरवली. बाईंनी पहिलंच वाचलं आणि विचारलं, ‘‘हे कोण कोणाला म्हणालं?’’ त्यांनी वही मिटून हातात दिली. ‘‘वाक्य बरोबर आहे. पण ते तुमचं नाही.’’ इतरांसमोर त्या एवढंच बोलल्या. कोणाला कळलंही नाही, आणि मी मात्र आजतागायत विसरले नाही.

चुका पकडणारी माणसं पुष्कळ असतात. आपली चूक दुसऱ्याच्या बांधापर्यंत जाऊन परत घेणारी व्यक्ती मी एकच पाहिली.

मासवणकडच्या कमळीताई उन्हाळ्यात बोईसरला पॅकिंगच्या कामाला येत, तेव्हा वर्गाला बसत. पावसाळ्यात शेतीसाठी परत जात. एका वर्षी त्या गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की आपण फळ्यावर ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं होतं. तिथे ‘अबाउट’ नको. उरलेल्या वर्गाला त्यांनी शनिवारी सांगितलं. कमळीताईंसाठी एसटी पकडली आणि मला सोबत घेतलं. लावणी चालू होती. बाई छत्री घेऊन बांधावर उभ्या राहिल्या आणि चिखलात वाकलेल्या कमळीताईंना हाक मारून चूक सांगितली.

कमळीताई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. ‘‘बाय, एवढ्यासाटी इतक्या लांब आली? फोन करायचा नाय का?’’

‘‘चूक मी फळ्यावर लिहिली होती, फोनवर नाही. आणि गोळ्यासकट उचला असं सांगून तुमच्या हातात चुकीचा गोळा दिला.’’

कमळीताईंनी हातातली भाताच्या रोपांची मूठ वर धरली. मुळं पाण्यात धुऊन स्वच्छ केलेली. ‘‘ही बघ. आमी तर माती झटकूनच लावतो. तरी उगवतं ना?’’

बाई छत्री हलेपर्यंत हसल्या. पुढच्या शनिवारी फळ्यावर दोन रोपं काढली होती, एक मिरचीचं आणि एक भाताचं. ‘डिस्कस’सारखी काही क्रियापदं सोबत्याशिवाय, माती झटकून लावायची असतात, असं बाईंनी सांगितलं, आणि हे आपल्याला मासवणच्या कमळीताईंनी शिकवलं, असंही सांगितलं.

वर्गात बाई सर्वांना ‘तुम्ही’ म्हणतात. घरी आल्यावर ‘तू’. माझ्या प्रयोगशाळेत परदेशी ग्राहकाचे तपासनीस येणार होते आणि त्यांना सगळं फिरवून दाखवायचं काम माझ्यावर आलं, तेव्हा त्यांनी मला आठवडाभर रोज संध्याकाळी पामच्या घरी बोलावलं. स्वयंपाकघर ही प्रयोगशाळा, ताकाचं भांडं हा नमुना. ‘‘हं, काढ फ्रिजमधून. काढताना बोल. कशातून काढतेस? आता ओट्यावर ठेव. मुकाट्याने ठेवू नको गं!’’ तपासणीच्या दिवशी मी नमुन्यांच्या कपाटापाशी उभी होते आणि हात पुढे गेला तसं वाक्य आपोआप बाहेर आलं, शेपटासकट. हे लिहिताना त्या आठवड्याची डायरी काढून पाहिली. कृतज्ञतेचा एक शब्द नाही. ‘बाई फार टोकतात’ असं दोनदा आहे. ती नोंद खोडावी असं वाटलं, पण खोडली नाही. इथे मात्र उरलेलं वाक्य जोडते, की त्यांनी टोकलं म्हणून मी त्या दिवशी बोलू शकले.

गेल्या दिवाळीनंतर बाईंना मागच्या बाकावरचं ऐकू येईनासं झालं. त्यांनी मला वर्गात बोलावून सांगितलं, ‘‘शनिवार आता तुम्ही घ्या. नाहीतर शाळेला खोली परत करते. न ऐकता शिकवणं म्हणजे फसवणूक.’’ मी ‘विचार करून सांगते’ म्हणाले. चार शनिवार काही सांगितलं नाही आणि चार शनिवार वर्ग बंद राहिला. मी शिक्षिका नाही, अजूनही बोलताना अडते, बाईंच्या जागी उभं राहायची माझी पात्रता काय, असं बरंच काही डायरीत लिहीत राहिले. मग बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला. मासवणचा प्रसंग लिहून झाला आणि कळलं, की बाईंनी जागा बिनचूक माणसासाठी राखलीच नव्हती. चूक झाली तर बांधापर्यंत चालत जाईल, असं कोणीतरी त्यांना हवं होतं. तेवढं मला जमेल.

मागच्या शनिवारी मी खडू हातात घेतला. रघुनाथदादा आता निवृत्त आहेत, तरी मुद्दाम आले. ‘‘मॅडम, उठल्या एकदाच्या खुर्चीवरून!’’ ते म्हणाले. बाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, कानाला हात लावून. मी त्यांना एकच अट घातली होती: वर्ग मी घेईन, पण नियम सर्वांना सारखा. दर शनिवारी पाच वाक्यं, खरी, करून दाखवण्याजोगी.

बाईंनी पिशवीतून नवी वही काढली. पहिल्या पानावर पाच वाक्यं होती, प्रत्येकापुढे माणूस आणि जागा लिहिलेली. एका आठवड्याला एक पान, हा वर्गाचा रिवाज. वही उलटून मी मागचा पुठ्ठा पाहिला. पंचाहत्तराव्या वर्षी बाईंनी वही आणली होती ती दोनशे पानी, म्हणजे जवळजवळ चार वर्षांची.

बाई, ही वही शेवटच्या पानापर्यंत भरा. चालत्या पायांनी, करून दाखवत भरा. त्यापुढची वही मी आणून ठेवली आहे.