धूर नाही, धुरी

बाळाची छाती पुन्हा आत ओढली जात होती. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल जातो, त्याला आम्ही डॉक्टर चेस्ट इनड्रॉइंग म्हणतो. म्हणजे लेकरू श्वासासाठी झगडतंय. ऑक्सिजन, औषध, डिस्चार्ज. घरी गेलं की पुन्हा न्युमोनिया. दोन महिन्यांचंही नव्हतं ते.

पारशिवनीकडचं गाव. घरोघरी गॅस आला म्हणून ते ‘धूरमुक्त’ जाहीर झालेलं. घरात धूर असावा, असं मी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना फोनवर म्हटलं.

“मॅडम, ते गाव धूरमुक्त आहे. दुसरं कारण शोधा.”

गावाला सर्टिफिकेट मिळालं, आता लेकराच्या छातीनेही ते मानायचं! बाळाच्या आजीलाही विचारून विचारून मी थकले होते. घरात धूर होतो का? एकच उत्तर, गॅस हाये, धूर कायचा. बाळ घरी गेल्यावर मी गावच्या आशाताईंना घेऊन सकाळीच आजीच्या दारात उभी राहिले.

दार उघडताच डोळ्यांतून पाणी आलं. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. घमेल्यात गोवरी धुमसत होती, वर ओवा नि लसणाची सालं. नुकतंच न्हाऊ घातलेलं बाळ आजीने त्यावर धरलं होतं.

“आजी, धूर होत नाही म्हणालात ना?”

“हा धूर कुठं हाये जी मॅडम? हे त धुरी हाये. न्हाल्यावर लेकराले द्याच लागते.”

मी कपाळावर हात मारला. बाळाची आई हळूच म्हणाली, “पयले चुलीतले लाल इंगळ घेत होतो. आता चूलच नाही, त गोवरी पेटवा लागते.”

आता कुठे उलगडा झाला. जळून लाल झालेल्या निखाऱ्यांना धूर कमी. ताजी गोवरी सगळा धूर तिथेच ओकते. गॅस आला आणि लेकरू आगीतून फुफाट्यात पडलं.

गॅसवर तवा तापवून फडक्याने शेका, मी म्हटलं. आजी ऐकेनात, त्यांची सगळी लेकरं धुरीवरच वाढली होती. शेवटी सुनेनेच बाळ त्यांच्या हातून घेतलं.

“आता नाही, आत्याबाई. मले माहं लेकरू पायजे.”

त्यानंतर ते बाळ आलं ते फक्त लसीसाठी. छाती स्वच्छ. बाकी गावांतही धुरीचं विचारू या, असं मी साहेबांना सुचवलं. धुरी स्वयंपाकाच्या इंधनात येत नाही, असं उत्तर आलं. संताप झाला, पण फोन ठेवला.

तेव्हापासून मी धुराबद्दल विचारतच नाही. कुठल्याही गावात बाळाच्या अंघोळीच्या वेळेला घरी जाते आणि वास घेते.