दीड भाड्यात जाणं-येणं

स्टेशनाकडून कोणी गाठोडं घेऊन येताना दिसला की चाचा डोक्यावरची बांगड्यांची पेटी भर रस्त्यात खाली ठेवायचा आणि त्याची वाट अडवायचा. "किती दिले?" मयतीहून आलास की लग्नाहून, ते मागाहून. आधी भाडं. समोरच्यानं आकडा सांगितला की चाचाचा हात कपाळावर. "लुटला गेला ना बाप्पा! परवा जत्रेचं टिकीट निघालं होतं, दीड भाड्यात जानं-येनं. मले एकडाव इचारलं असतं तं?"

असा शहाणा तुमच्याही गल्लीत असेल. पण तुमचा बहुधा फुकटचा शहाणा. आमचा खरा होता, आणि त्याच्या त्या शहाणपणाचा मला आजही राग येतो.

माझा मळा वाशीमच्या वेशीला लागून. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. चाचाचं घर मळ्यामागच्या गल्लीत. शेलूबाजार, मेडशी, अनसिंग, जिथे बाजार तिथे तो पायी जाऊन बायकांच्या हातांत बांगड्या भरायचा. अक्षर त्याला एक येत नव्हतं. पण जोडी फुटून उरलेल्या बांगड्या तो दोऱ्यात ओवायचा आणि घरच्या भिंतीवर खुंटीला टांगायचा. भाड्याचे जितके आणे तितक्या बांगड्या. हिरवी माळ हिंगोलीची, निळी अकोल्याची. वरचा पैसा असेल तर एक फुटका तुकडा. भाडं बदललं की चाचा माळ सोडायचा आणि पुन्हा ओवायचा.

तो बाजाराला गेलेला असला तरी कुणाचं अडत नसे. दारात उभं राहून विचारायचं, पडद्याआडून चाची सांगायची. "अकोल्याले आज नोको जाऊ भाऊ, चार रोज थांब. उर्साचं टिकीट निघते." वऱ्हाडातल्या प्रत्येक स्टेशनाचं भाडं तिला पाठ. आणि ती स्वतः आगगाडीत एकदाही बसलेली नव्हती.

चाचा मात्र बसायचा. वर्षातून चार-पाच वेळा, सकाळच्या गाडीनं अकोल्याला नाहीतर हिंगोलीला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. कशाला? तर पाहायला. एवढंच. लोक हसायचे. एकदा गावातल्या एका वकिलानं त्याला चौकात विचारलं, "काहून रे, तुझं काय काम आहे तिकडे?" चाचा म्हणाला, "काम नाही जी. पाहून येतो." वकील पोट धरून हसला. तोच वकील दर उन्हाळ्यात बायकापोरं घेऊन चिखलदऱ्याच्या थंड हवेला जायचा. त्याला कुणी काम विचारलं होतं का? बांगडीवाल्यानं डोळे उघडे ठेवले की मात्र सगळ्यांना हसू येतं.

मला त्यानं एकदा सोबत नेलं. जत्रेचं टिकीट होतं. तरीही वाशीमला गाडीत बसायचं नाही, दोन कोस चालून पुढच्या स्टेशनावर बसायचं, कारण तिथून एक आणा कमी. माझी वहाण नवी होती. टाच सोलली. मी तोंडाला येईल ते बोललो. चाचा पुढे चालत म्हणाला, "शिव्या दे, पन पाय उचल. गाडी तुह्या टाचेसाठी थांबनार नाही."

अकोल्यात त्यानं मला किल्ला दाखवला, मोठ्या लायनीची गाडी दाखवली. आणि एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. तो सगळं दोनदा पाहायचा. किल्ल्याच्या दरवाज्याजवळ जाऊन एकदा नुसतं पाहिलं, मग मागे सरून पुन्हा पाहिलं, बोटांवर काही मोजलं.

"आता काय राह्यलं?" मी चिडून विचारलं.

"हे तिच्यासाठी," तो म्हणाला. "घरी गेलो की इचारते. पायऱ्या किती, इंजिनाले चाकं किती. नाही सांगतलं तं जेवाले वाढत नाही."

खरंच विचारायची. रात्री त्यांच्या अंगणातून आवाज यायचा. तो सांगतोय, ती खोदून खोदून विचारतेय. तिला न्यायचं त्यानं कबूल केलं होतं, लग्न झालं तेव्हाच. पण एका वर्षी जत्रेच्या दिवसांत पाऊस लागला. एका वर्षी चाचा म्हणाला, पुढच्या साली आणखी सवलत निघेल असं गार्डानं सांगितलंय. असं करत चाचीचे गुडघे धरले.

मग लढाई आली आणि सवलतीची टिकिटं बंद झाली. भाडं चढलं. स्टेशनात कागद लागले की गरज असेल तरच प्रवास करा. मी त्या दिवशी वांग्यांच्या टोपल्या घेऊन रांगेत उभा होतो. पुढे चाचा.

"दोन टिकिटं अकोला, जाऊन-येऊन. दीड भाड्याची."

"ती बंद आहेत," खिडकीतला टिकीटबाबू म्हणाला. "काम काय आहे?"

"बायकोले अकोला दाखवाचा हाये."

बाबू रांगेकडे पाहून म्हणाला, "ऐका हो! तिकडे जग पेटलंय आणि ह्याला बायकोला अकोला दाखवायचाय!"

रांग हसली. ज्यांचे आणे त्यानं वाचवले होते ते हसले. मीही हसलो. ते मी झाकून ठेवत नाही.

लाज वाटली म्हणून की काय, मी दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात गेलो. म्हटलं, "चाचा, पूरं भाडं भर अन् घेऊन जा तिले. कमी पडत असन तं मी देतो."

"लढाई संपू दे."

"चाचीच्या गुडघ्याले काय समजते लढाई?"

तो उसळला. "सारी उमर लोकाले सांगून राह्यलो का पूरं भाडं देनारा बेअक्कल. आता मीच देऊ? सारा वाशीम हासन!"

"हासू दे ना! कालही हासलाच की!"

तेवढ्यात पडद्याआडून चाची म्हणाली, "भाऊ, किती लागते ते मले पाठ हाये. मले कधी नेते तेवढं इचारा."

चाचा पेटी उघडून बांगड्या मोजायला बसला. मी म्हणालो, "तुह्यासारखा अडेलतट्टू पाह्यला नाही," आणि निघून आलो. सहा महिने आम्ही बोललो नाही. तो माझ्या मळ्यावरून जायचा, मी पाठ फिरवायचो. अडेलपणात मी त्याला हार गेलेलो नाही.

थंडीत चाची तापानं गेली. चार दिवसांची गोष्ट. मी मातीला गेलो, माती दिली, एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर तिथेच भांडलो असतो.

चाळिसावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपल्या घेऊन स्टेशनावर गेलो तर खिडकीशी चाचा. काखेत एक गाठोडं. अकोल्यात त्याचा एक पुतण्या होता, एवढं मला माहीत होतं.

"एक अकोला," तो म्हणाला, आणि पूर्ण भाडं ठेवलं. दर विचारला नाही, घासाघीस नाही.

बाबूनं विचारलं, "वापसीचं पाहिजे का?"

"नाही," चाचा म्हणाला. "कोनाले येऊन सांगू?"

माझ्याकडे त्यानं पाहिलं. थांब म्हणायचं माझ्या अगदी ओठावर होतं. पण सहा महिन्यांचा अबोला, आणि पहिला शब्द मी का काढायचा? मी टोपलीतली वांगी खालीवर करत राहिलो. गाडी आली. तो खिडकीशी न बसता आत दाटीत जाऊन बसला, बाहेरचं काही दिसणार नाही अशा जागी.