खात्यातला पगार

माझा पगार चौदा हजार आहे, असं माझं बँकेचं खातं म्हणतं. खातं खोटं बोलत नाही, चौदा हजार दर महिन्याला येतातच. फक्त ते माझ्याकडे मुक्कामाला राहत नाहीत.

मिहानमधल्या एका मोठ्या इमारतीत मी साफसफाईचं काम करते. इमारत कंपनीची, पण आम्ही बाया कंपनीच्या नाही, ठेकेदाराच्या. ठेकेदाराला मी आजवर पाहिलेलं नाही. आमच्यासाठी ठेकेदार म्हणजे त्याचा सुपरवायझर. तिशीतला, गोड बोलणारा, सगळ्यांना ताई म्हणणारा. पगाराच्या दिवशी काम सुटलं की आम्ही गेटबाहेरच्या एटीएमसमोर रांग लावतो आणि हा पलीकडच्या टपरीवर चहा घेत बसतो. पैसे काढायचे, रस्ता ओलांडायचा, त्यातले पाच हजार त्याच्या हातात द्यायचे. याला आम्ही वापसी म्हणतो. जी वापसी देत नाही, तिचं नाव दुसऱ्या दिवशी गेटवर नसतं. कामावर ठेवतानाच हे सांगितलेलं असतं, त्यामुळे फसवलं असंही म्हणता येत नाही. पैसे खिशात घातल्यावर तो आम्हाला चहा विचारतो, त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. आमच्याच पैशाचा चहा पाजून हा पाहुणचार करणार!

मुलीला बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण कॉलेजच्या कोट्यातून. त्यामुळे फीला सवलत नाही. नवरा रंगकाम करायचा. त्याची पाठ धरली तेव्हापासून त्याची मजुरी असली तर आहे, नाहीतर नाही. कर्ज काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून मी एका फायनान्स कंपनीत गेले. तिथल्या माणसाने पगार विचारला. मी खरं ते सांगितलं, हातात नऊ हजार पडतात.

तो म्हणाला, "नऊवर नाही होत, मावशी. पण तुमच्या पासबुकात तर चौदा दिसून राहिले. चौदाच लिहा ना."

लिहिले आणि सही केली. जे पाच हजार कधी माझे झाले नाहीत, ते एकदा तरी कामी आले म्हणून मी खूशच होते. त्यांनी खात्री करायला कामावर फोन केला. सुपरवायझरने सांगितलं, पगार पूर्ण देतो, बाई इमानदार आहे. त्याचे उपकार वाटून मी त्याला संत्रा बर्फीचा डबा नेऊन दिला. डबा देताना हातसुद्धा जोडले. दरवर्षीची फी फायनान्सवाले थेट कॉलेजला भरणार, असं ठरलं.

हप्ता बसला तो चौदा हजार कमावणाऱ्या बाईचा, आणि फेडायला मात्र मी. पगार जमा झाला की आधी हप्ता आपसूक कटतो, मग वापसी जाते, आणि उरलेल्यात जयताळ्याच्या खोलीचं भाडं, किराणा आणि नवऱ्याची औषधं. संध्याकाळी दोन घरी भांडी घासायला लागले, तरी तेल आणलं की डाळ राहायची. कळमेश्वरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम होतं. पगार तेवढाच, पण वापसी नाही. तिथे पहिला पगार दीड महिन्याने हातात येणार होता. हप्ता काही माझ्यासाठी दीड महिना थांबणार नव्हता. दाव्याला बांधलेली गाय दावं पुरेल तेवढंच चरते. माझं तसं झालं होतं. रडावं तर मुलीसमोर रडता येत नाही, ती लगेच म्हणणार, आई, मी शिकणं सोडते.

मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली त्या सुमारास कोणीतरी वापसीची तक्रार केली आणि कामगार खात्याचे साहेब चौकशीला येणार असं कळलं. माझी एक सोबतीण तिसऱ्या मजल्यावर काम करते, तिची जीभ माझ्याहून तिखट. आदल्या दिवशी डबा खाताना तीच म्हणाली, "तू पयले जाय. तू बोलली का मंग मीबी बोलीन, आन् मंग साऱ्याच बोलतीन."

"आन् तू मांगं सरकली त?"

"मेली तरी नाही सरकत, वं."

मला तर बोलायचंच होतं. ते पाच हजार हाती राहिले असते, तर हप्ता अंगावर आला नसता.

एकेकीला खोलीत बोलावत होते. साहेब टेबलामागे बसलेले, आणि सुपरवायझर बाजूच्या खुर्चीवर. त्याला बाहेर पाठवावं, असं साहेबांना वाटलं नाही.

"पूर्ण पगार मिळतो का?"

"नाही भेटत, साहेब. दर महिन्याले पाच हजार वापस द्या लागते."

आवाज कापला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. साहेब लिहू लागले. सुपरवायझर अजिबात चिडला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "ताईनं मागच्या साली याच पगारावर कर्ज काढलं. फायनान्सवाल्यायचा मलेच फोन आला होता. चौदा हजार पगार म्हणून ताईची सही आहे तिथं." मग माझ्याकडे वळून, त्याच गोड आवाजात, "खोटं लिहून कर्ज काढलं असंन त सांगा ताई. मी आताच त्यायले फोन करतो, पुढचा पैसा थांबवा म्हणून."

त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाची फी कॉलेजला जायची होती.

साहेबांनी पेन खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, त्यांना काहीतरी एकच लिहायचं होतं. "बाई, नीट सांगा. तेव्हा खोटं लिहिलं, की आता खोटं बोलताय?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं की खात्यात चौदा येतात हे खरं आणि पाच परत जातात हेही तितकंच खरं, मी खोटं बोललेच कुठे? पण फोन टेबलावर होता आणि त्याचा हात फोनवर. मुलगी त्या वेळी कॉलेजात प्रॅक्टिकल करत असणार.

"आता, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी लिहून घेतलं. सुपरवायझर लगेच उठला, स्वतःची खुर्ची मला दिली, ग्लासात पाणी ओतून हातात ठेवलं. "बसा ताई, बसा." मी बसले.

तेवढ्यात पुढची हाक ऐकून सोबतीण दार उघडून आत आली. ताठ मानेने, बोलायच्या तयारीनेच आली होती. तिने मला त्याच्या खुर्चीत बसलेलं पाहिलं, हातातला ग्लास पाहिला. साहेबांनी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "पुरा पगार भेटते, साहेब."