सव्वापाचला अडकणारा खेळ

"संशय घ्यायचा तर सगळ्यांवर घ्यावा, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही."

कुणाच्याही घरात पाऊल टाकताना लाईनमन हे वाक्य म्हणायचा. चपला काढता काढता म्हणायचा आणि मग त्या चपला आतून दिसतील अशा सरकवून ठेवायचा.

उभा जन्म त्यानं तारांवर काढला. आधी टेलिफोनच्या, आणि त्या गेल्यावर इंटरनेटच्या. कार्यालयातून "लाईन ठीक आहे" असा निरोप आला की तो हातातल्या फोनकडे असा बघायचा, जणू फोनच खोटं बोलला. बिघाड सापडेपर्यंत तो कुणाच्या घरचा चहा घेत नसे. म्हणायचा, चहा घेतला की माणूस त्या घराचा होतो, मग त्याला त्या घरातलं दिसेनासं होतं. खिशात एक वही, कानामागे पेन्सिल, खांद्यावर शिडी. एवढ्या सामानावर त्यानं शेकडो घरांची भांडणं पाहिली होती. भांडणं सोडवायला तो जात नसे, तो तार बघायला जायचा.

घड्याळजींच्या घरचा प्रकार त्यातलाच. मी समोरच राहतो, त्यामुळे निम्मं डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं घड्याळजींच्या बायकोनं सांगितलं, आणि ती तिखटमीठ लावणारी बाई नव्हे.

घड्याळजींची लेक ऑनलाईन खेळायची. पाच जणींचा संघ, पाच जणी पाच गावांतल्या. हिचं काम सगळ्यांच्या पुढे राहायचं, मागच्या चौघींना वाट करून द्यायची. पण दोन महिन्यांपासून सव्वापाच वाजले की हिचा खेळ अडकायचा. पडद्यावर ही पुतळ्यासारखी उभी राहायची, आणि पुन्हा हलेपर्यंत मेलेली असायची. कप्तान पोरगी तिनं कधी पाहिलेली नव्हती, फक्त आवाज ओळखीचा. त्या आवाजानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उद्या साडेपाचचा सामना महत्त्वाचा आहे. उद्या अडकलीस तर तुझ्या जागी दुसरी घेणार. राग मानू नकोस."

पोरगी दिवसभर जेवली नाही.

घड्याळजींना मात्र चोर ठाऊक होता. चोर म्हणजे सख्खा धाकटा भाऊ, शेजारच्या दारातला, शाळेची बस चालवणारा. मधे कंबरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे त्याचं अंगण. घड्याळजींची शिडी हरवली तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं.

चार वाजता लाईनमन आला तसं घड्याळजींनी एक कागद त्याच्या हातात ठेवला. अक्षर मोत्यासारखं. "५.१४ आला. ५.१६ खेळ अडकला. ५.४० आत गेला. ५.४१ सुरळीत." अशा एकोणचाळीस दिवसांच्या नोंदी.

"आमचं नेट वापरतो तो. तीनदा पासवर्ड बदलला, तरी शिरतोच."

लाईनमननं कागद दोनदा वाचला. "वेळा अगदी चोख आहेत."

"घड्याळजी आहे मी."

"तेच म्हणतो. पाच वाजता तुम्ही तर दुकानात असता. मग हे पाहिलं कुणी?"

"कळतं मला."

"बरं," लाईनमन म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग त्यानं सगळ्या घराची झडती घेतली. टीव्ही बंद करायला लावला. बाईंचा फोन मागून घेतला. "मी फक्त बहिणीशी बोलते हो," त्या म्हणाल्या. "सगळ्याच बहिणीशी बोलतात," लाईनमन म्हणाला आणि फोन बंद केला. हवेतून येणारं नेट बिनभरवशाचं, म्हणून पोरीचा संगणक त्यानं तारेनं थेट राऊटरला जोडला. पडद्यावर पिंगचा आकडा लावून दिला आणि तिला म्हणाला, "हा आकडा म्हणजे तू हाक मारलीस की समोरून ओ यायला किती वेळ लागतो तो. बदलला की ओरडायचं."

"पस्तीस," पोरगी म्हणाली. "पस्तीस. छत्तीस."

"आत्ता कशाला वाढेल?" घड्याळजी म्हणाले. "तो यायचाय अजून."

लाईनमन राऊटरपाशी वाकला. "तारा चार दिसतात. एक बाहेरून आलेली, एक पोरीची, एक टीव्हीची. ही काळी कुठली?"

"ती जुनी. मेलेली आहे."

काळ्या तारेशेजारी हिरवा दिवा लुकलुकत होता. लाईनमननं दिव्याकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे पाहिलं. पेन्सिलीला टोक करत बसला.

पाच चौदाला धाकटा आला. बस शाळेत लावून, रोजच्यासारखा झाडांना पाणी घालायला अंगणात उतरला.

"एकशेऐंशी!" आतून पोरगी ओरडली. "चारशे! लाईनमनकाका, सहाशे!"

"बघा!" घड्याळजींनी मांडीवर थाप मारली. "पकडला की नाही?"

लाईनमन शांतपणे बाहेर गेला आणि भिंतीपाशी उभा राहिला. "जरा इकडून तिकडे चालता का?"

"का? पाय तपासायला आलात?"

"संशय आहे तुमच्यावर."

"दादाचा असेल."

"त्यांचाही आहे. माझाही आहे. माझा सगळ्यांवर असतो."

धाकट्यानं हातातली झारी खाली ठेवली. "आता स्वतःच्या अंगणात चालायचीही चोरी का?" पण चालला. खिसे रिकामे करायला सांगितले, तेही केले. भिंतीवर बसची चावी, रुमाल आणि कुठल्या पोराचे सापडलेले दोन खडू ठेवले. फोन बंद करून लाईनमनच्या हातात दिला. चालला की आकडा सहाशे, थांबला की थोड्या वेळानं पस्तीस.

"चपलेत असेल काहीतरी!" घड्याळजी ओट्यावरून ओरडले.

धाकट्यानं चपला काढून भिंतीवर मांडल्या. अनवाणी चालला.

"सहाशे दहा!"

एव्हाना गल्लीतली चार माणसं जमली होती. त्यांत मीही होतो, खोटं कशाला सांगू.

"आता तुम्ही थांबा," लाईनमन म्हणाला. भिंत ओलांडून तो स्वतः अंगणात उतरला आणि हात मागे बांधून शतपावली घालू लागला.

"पाचशे ऐंशी!"

"झालं," लाईनमन म्हणाला, "मीही चोर."

लोक हसले. घड्याळजी हसले नाहीत. लाईनमननं त्यांच्याकडे पाहिलं. "आता तुम्ही या. चाला."

"मी कशाला?"

"सगळ्यांवर म्हटलं ना."

घड्याळजी जागचे हलले नाहीत. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचं झाकण उघडावं आणि आतलं चाक आपल्याच हातून तुटलेलं दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला. आतून पोरीचा आवाज आला, आता ओरडण्याचा नव्हता तो. "बाबा, सातच मिनिटं राहिलीत."

गल्ली बघत होती, भाऊ बघत होता. बोलावं तर सगळ्यांसमोर, न बोलावं तर पोरीची जागा जाते. घड्याळजी आत वळले. क्षणभरानं दारात आले तेव्हा त्यांच्या हातात काळ्या तारेचं टोक होतं.

"चाल," ते भावाला म्हणाले. दोन महिन्यांत पहिला शब्द, तोही खाली बघून.

धाकटा चालला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा.

"पस्तीस. छत्तीस. पस्तीस! बाबा, काय केलंत?"

तार जिकडून येत होती तिकडे लाईनमननं बोट दाखवलं. पन्हाळीच्या आडोशाला, पक्ष्याचं घरटं वाटावं असा एक कॅमेरा भिंतीपलीकडे तोंड करून बसला होता.

"पलीकडे काही हललं की हा जागा होतो," तो म्हणाला, "आणि दिसेल ते सगळं बाहेर धाडायला लागतो. घरात यायचा रस्ता रुंद असतो, बाहेर जायची नुसती पायवाट. त्या पायवाटेवर यानं बैलगाडी घातली. पोरीची हाक मागे अडकून राहिली. आणि घड्याळजी दुकानात बसून ती बैलगाडीच बघत होते."

घड्याळजींची बायको नवऱ्याकडे बघत राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "मला बघत होतास?"

"शिडी गेली होती."

"ती अकरा पायऱ्यांची?"

घड्याळजींनी मान वर केली. "तुला कसं माहीत किती पायऱ्या?"

"लहानपणापासून चढलोय तिच्यावर!"

साडेपाचला दोन मिनिटं होती. पोरगी कानाला हेडफोन लावून बसली, आणि घरातलं बोलणं आपोआप थांबलं.

लाईनमननं आपली शिडी लावली. शिडीचा पाय डगमगत होता, तो धाकट्यानं न सांगता धरला. कॅमेरा उतरवून लाईनमननं घड्याळजींच्या हातात दिला. मग पायरीवर बसून राहिला. बिघाड गेला असं तो कधी लगेच मानत नसे. धाकटा झाडांना पाणी घालत राहिला. जरा जास्तच येरझाऱ्या घालत होता, हे मी पाहिलं.

सहाला दहा कमी असताना पोरगी हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आली. "आई, एकदाही अडकले नाही. उद्या पुन्हा बोलावलंय!" म्हणाली आणि तशीच ताटावर जाऊन बसली.

तेव्हा कुठे लाईनमननं चहा मागितला. बाईंनी चार कप भरले. चौथा भिंतीवर ठेवला, चावी आणि खडूंच्या शेजारी. "भाऊजी, निवतोय," एवढंच म्हणाल्या.

शिडी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही.

चहा संपवून लाईनमननं चपला पायात सरकवल्या, शिडी खांद्यावर घेतली आणि तो गल्लीनं निघाला. घड्याळजी दारात उभे राहून बघत होते. ओठ हलत होते त्यांचे, अगदी बारीक.

"बारा आहेत," लाईनमन मागे न वळता म्हणाला. "मोजून घ्या."

तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत घड्याळजी शिडीकडे बघत राहिले. भिंतीपलीकडून कप हातात धरून धाकटा घड्याळजींकडे बघत होता. आणि मी, माझ्या दारातून, दोघांकडे.