पातूरच्या यादीची दहा मिनिटे

आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या स्मरणिकेत यंदा माझ्यावर एक लेख छापून आला आहे. लिहिणारा माझा तेव्हाचा सहायक. तो आता पुण्यात स्थायिक झाला आहे आणि त्याची भाषाही तिथेच स्थायिक झाली आहे. तो लिहितो की, पातूरच्या यादीचे प्रकरण मी तासाभरात उलगडले, दोष तारेत निघाला, आणि मोठ्या मनाने मी एका गरीब मुलीची नोकरी वाचवली. एका वाक्यात चार चुका करण्याचे कौशल्य त्याला तेव्हाही होते. तासाभरात नव्हे, तीन दिवस लागले. तार निर्दोष होती. मुलगी गरीब नव्हती. पातूरच्या एका मुस्लिम व्यापारी घरातली, दोन भाषांत तितक्याच जोरात भांडू शकणारी बाई होती. राहिले माझे मोठे मन. त्याचा हिशेब मी स्वतःच देतो, कारण तो दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही.

ज्या वर्षांत वऱ्हाडचे नाव बाहेरच्या वर्तमानपत्रांत एकाच कारणासाठी छापले जात असे, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी अमरावतीच्या एका विभागीय कार्यालयात नेटवर्कचा प्रमुख होतो. त्या खरिपात बियाणे उगवले नाही म्हणून गावोगाव ओरड होती. प्रत्येक तालुक्याच्या केंद्राने तक्रार आलेल्या गावांची यादी दुपारी बाराच्या आत आमच्या सर्व्हरवर पाठवायची, आणि दुसऱ्या दिवशी पाहणीचे पथक त्या गावांत जायचे, अशी पद्धत त्याच हंगामात सुरू झाली होती. बारानंतर आलेली यादी आपोआप पुढच्या आठवड्यात ढकलली जाई. शेतकरी आठवडाभर थांबत नाही. तो रान मोडून दुसऱ्यांदा पेरतो, आणि मग पाहायला काही उरत नाही.

पातूरची यादी आमच्याकडे बारा वाजून सहा मिनिटांनी नोंदली गेली. पथक गेले नाही. लोक पातूरच्या केंद्रावर धावून गेले, आणि तिथल्या कंत्राटी ऑपरेटर बाईंना नोटीस निघाली: तीन दिवसांत खुलासा द्या, अन्यथा कंत्राट संपले असे समजा.

बाईंनी खुलासा लिहिण्याआधी मला फोन केला. "सर, मी यादी पाठवली तवा माह्या घड्याळात बाराले चार मिनिटं कमी होते. मशीनवर 'मिळाली' असं आलं, तवाच मी उठली. आता तुमी म्हणा, मी झूट बोलून राहिली."

फाइली पाहतो, असे सांगून मी फोन ठेवला. मनात मात्र म्हणालो की सर्व्हर खोटे बोलत नाही. हेही लिहून ठेवतो, कारण स्मरणिकेत मी पहिल्या क्षणापासून तिच्या बाजूला उभा आहे.

तरी तपासणे माझे काम होते. नेटवर्कवरून जाणारी प्रत्येक गोष्ट लहान लहान पाकिटांत जाते. कोणते पाकीट कोठून निघाले, कोठे चालले, किती वाजता दिसले, याची नोंद एक प्रोग्राम फाइलमध्ये साठवतो. अशी एक फाइल आमच्याकडे अमरावतीला साठत होती आणि दुसरी अकोल्याला, कारण पातूरची लाइन अकोल्यावरून येत असे. अकोल्याच्या यंत्रात जागा कमी होती. ती भरली की सर्वांत जुनी फाइल पुसून त्यावर नवी लिहिली जाई. बाईंचा एकमेव साक्षीदार त्या फाइलमध्ये होता आणि तो केव्हा पुसला जाईल हे सांगता येत नव्हते. मी फोनवर फाइल राखून ठेवायला सांगितले. पलीकडून "हो साहेब" असे इतक्या सहज उत्तर आले की मी तडक स्टँड गाठून एसटी पकडली. मूर्तिजापुरापर्यंत मी दर थांब्याला चालकाकडे असा पाहत होतो की शेवटी त्याने मला पुढे येऊन गाडी चालवायचे आमंत्रण दिले. अकोल्यात पोहोचलो तेव्हा फाइल शाबूत होती. तिच्याआधी पुसल्या जाणाऱ्या दोनच फाइली उरल्या होत्या. तिची प्रत घेऊन मी रात्री अमरावतीला परतलो.

दुसरा दिवस पाहण्यात गेला. अशी फाइल उघडली की पडद्यावर लाखो ओळी येतात. त्यांत आमच्या लेखनिकांचे ईमेल असतात, कुणाचे क्रिकेटचे गुण असतात, आणि यंत्रे एकमेकांना उगाच मारत असलेल्या हाका असतात. मी आधी केवळ पातूरच्या पत्त्याची पाकिटे गाळून घेतली. मग लांबीप्रमाणे लावली, म्हणजे यादी वाहणारी मोठी पाकिटे वर आली. प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक असतो, त्यावरून अकोल्यातले पाकीट आणि अमरावतीतले पाकीट एकच आहे हे ओळखता येते. सहायक मध्येच येऊन म्हणाला की तार भिजली असेल, सोडा. त्याचा तारेचा सिद्धान्त तेव्हापासूनचा आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही फाइली एकत्र केल्या, वेळेच्या मथळ्यावर टिचकी मारली आणि सगळ्या ओळी वेळेनुसार लावल्या. जे दिसले ते अशक्य होते. पातूरचे पाकीट अकोल्यावरून अकरा छप्पन्नला गेले. ते मिळाल्याची अमरावतीची पोच अकोल्यात सेकंदाभराने, अकरा छप्पन्नलाच परत आली. आणि ज्याची पोच आली ते पाकीट अमरावतीत बारा वाजून सहा मिनिटांनी पोहोचले. हाक ऐकण्याच्या दहा मिनिटे आधीच ओ दिली गेली होती.

तार संथ असती तर पोच सेकंदात परत आली नसती. शिवाय प्रत्येक पाकिटात फरक तेवढाच, दहा मिनिटांचा. तार अशी शिस्तीने बिघडत नाही. म्हणजे दोनपैकी एक घड्याळ चुकले होते. खुलाशाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

मी सर्व्हरचे घड्याळ उघडले आणि मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. मिनिटाचाही फरक नव्हता. चहा ठेवायला आलेला शिपाई माझ्या नजरेच्या दिशेने पाहत म्हणाला, "साहेब, थे आपलं घड्याळ हाये. त्याले काय पाहून राहिले?"

वाचकांना हा शब्द समजावून सांगायला हवा. आमच्या कार्यालयात 'आपले बारा' आणि 'खरे बारा' असे दोन बारा होते. निम्मे लोक चांदूर रेल्वेहून गाडीने येत-जात. सकाळी उशीर होई आणि संध्याकाळी गाडी चुके, म्हणून वर्षभरापूर्वी कार्यालयातली सगळी घड्याळे दहा मिनिटे पुढे ठेवण्याचा लेखी आदेश निघाला होता. माणसांना दहा मिनिटे मनातल्या मनात वजा करण्याची सवय झाली. त्यामुळे आदेशाचा उपयोग महिनाभरात संपला आणि आदेश राहिला. सर्व्हरला वजाबाकीची सवय नव्हती.

तो आदेश माझा होता.

मी सहायकाला बोलावून विचारले की भिंतीवरची ठीक, पण सर्व्हरचे घड्याळ कोणी फिरवले. त्याने फाइल आणली आणि माझ्या सहीच्या वर बोट ठेवले. "सर, तुमीच लिहिलं न, 'सगळी'. मंग मी सगळी फिरवली." स्मरणिकेत या बोटाचा उल्लेख नाही.

आता मोठ्या मनाचा हिशेब. तेव्हा खरा एक वाजला होता. मी विभागप्रमुख साहेबांकडे गेलो चार वाजता. मधले तीन तास मी त्याच ओळी पुन्हा पुन्हा लावत बसलो. पत्त्याप्रमाणे, लांबीप्रमाणे, अनुक्रमांकाप्रमाणे. कुठेतरी अकोल्याचे घड्याळ मागे असल्याचा पुरावा निघेल अशी आशा होती. निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती, आणि बत्तीस वर्षांत माझ्या नावावर एकही ताशेरा नव्हता. शेवटी मी उठलो त्याचे कारण दया नव्हे. पाचला साहेब निघून जात. ते गेले असते, तर खोटे कोण बोलले याचा निकाल कायमचा लागला असता, आणि तो चुकीचा आहे हे जाणणारा मी एकटाच उरलो असतो.

साहेबांनी ऐकून घेतले आणि सुचवले की 'तांत्रिक बिघाड' असे लिहा, बाईही सुटतील आणि तुम्हीही. मी नकार दिला. तंत्राने आज्ञा पाळली होती. अहवालात मी लिहिले की कार्यालयाचे घड्याळ माझ्या आदेशाने पुढे होते आणि पातूरची यादी वेळेत आली होती. त्याच दिवशी नोटीस मागे घेतली गेली.

मी बाईंना फोनवर कळवले. आभारांची वाट पाहत होतो, हे कबूल करतो. त्या म्हणाल्या, "नोकरी राहिली सर, पण लोकं मलेच बोलून राहिले. माह्या सांगण्यावर कोण इश्वास ठेवते? तुमी या."

दुसऱ्या दिवशी मी पातूरला गेलो. पथकही त्याच सकाळी गेले होते, पण अर्ध्याहून अधिक राने तोवर मोडली गेली होती. केंद्रासमोर तीसेक लोक उभे होते. मी सगळे सांगितले. एक म्हातारा शांतपणे ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "म्हंजे बाई टाइमावर होती, अन् अमरावतीच दहा मिनटं पुढं पळून राहिली होती. मंग पुढं पळणाऱ्यानं मांगच्याले उशीर झाला म्हणाव का?" कोणी हसले नाही.

बाईंनी कोरा कागद पुढे केला. हेच लिहून द्या, फळ्यावर लावते, म्हणाल्या. मी उभ्या उभ्या लिहिले: पातूर केंद्राची यादी वेळेत मिळाली होती, आमच्या कार्यालयाचे घड्याळ नजरचुकीने पुढे राहिले होते. त्यांनी ते ओळीवर बोट फिरवत वाचले आणि कागद मला परत दिला.

"नजरचूक कावून लिहिलं, सर? आदेश होता न?"

मी तो शब्द खोडला, वर 'माझ्या आदेशाने' असे लिहिले, आणि खोडलेल्या जागी पुन्हा सही केली.