आमच्या छतावरचा चार इंचांचा थर

नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ होतं आणि त्या काळी मला त्याचा भारी गर्व होता. अमरावतीला ओव्हरसियरचा कोर्स करून मी अकोल्यात नोकरीला लागलो होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. शहराबाहेर नोकरदारांची एक नवी वसाहत उभी राहत होती आणि तिथली घरं तपासून राहण्याचा दाखला देण्याचं काम आम्हा दोघा ओव्हरसियरांकडे होतं. खिडक्या समोरासमोर हव्यात, पश्चिमेची भिंत जाड हवी, आणि स्लॅबवर चुना व विटांच्या तुकड्यांचा किंवा त्याच तोडीचा चार इंच थर हवा. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला हा शेवटचा नियम कशासाठी, ते समजावून सांगावं लागत नाही. उघड्या स्लॅबखाली वैशाखात माणूस भाजून निघतो.

मी कुणाला सोडत नसे. मागच्या ओळीतल्या एका हेडमास्तरांच्या छतावरचा थर अर्धा इंच कमी भरला. मी टेप गुंडाळली आणि दाखला अडवला.

"अहो, अर्ध्या इंचानं काय बिघडतं?" हेडमास्तर म्हणाले.

"मोठ्यांनीच नियम मोडले तर मुलांनी काय शिकायचं, सर?" असं मी त्यांनाच ऐकवलं. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. त्या वयात असली वाक्यं फार लवकर सुचतात.

त्याच वसाहतीत मलाही प्लॉट मिळाला होता. आमच्या घराण्यातलं हे पहिलं पक्कं घर. वडील मी शाळेत असतानाच गेले. आईनं पंधरा-सोळा वर्षं लोकांच्या घरांच्या बांधकामावर मजुरी केली, डोक्यावर टोपलं घेऊन माती, चुना, रेती वर चढवली आणि मला शिकवलं. छप्पन साली ती नागपूरहून दीक्षा घेऊन आली. त्यानंतर बांधकामावर कुणी वाकडं बोललं तर टोपलं खाली ठेवून सरळ उत्तर द्यायची. मला पहिला पगार झाला त्या दिवशी मी तिच्याकडून वचन घेतलं की यापुढे टोपल्याला हात लावायचा नाही. तिनं ते पाळलं.

घराचं काम सुरू झालं तेव्हा ती रोज म्हणायची, "मले एक डाव साइटवर ने ना बाबू. पायतो तरी."

"घर झालं की ये," मी म्हणायचो. "तिथं धूळ आहे, ऊन आहे."

धूळ आणि ऊन तिला नवं नव्हतं. खरं कारण असं की तिथले अर्धे गवंडी आणि मजूर तिच्यासमोर काम शिकलेले किंवा तिच्या बरोबरीनं राबलेले होते. कुणी तिला टोपलं वाहायच्या काळातल्या जुन्या नावानं हाक मारली असती, आणि ओव्हरसियर साहेबांची आई कोण ते सगळ्या वसाहतीला कळलं असतं. याची मला लाज वाटत होती. आज हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते.

घाई मात्र खूप होती. धाकटी बहीण पहिलटकरीण होती आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. ते आपल्या स्वतःच्या घरात व्हावं एवढीच आईची इच्छा होती. आम्ही दोघं भावंडं दुसऱ्यांच्या जागेत जन्मलो होतो, हे ती कधी विसरली नाही. छतावरच्या थराचं काम निघालं आणि विटांचे तुकडे कमी पडले. मिस्त्री म्हणाला, आणखी गाडीभर मागवा. गाडी यायला आठ दिवस लागणार होते. "आहेत तेवढेच पसरव, वरून गिलावा ओढ," मी सांगितलं. माझ्या जोडीदार ओव्हरसियरनं खाली उभं राहून चहा घेतला आणि वर न चढताच कागदावर सही केली. 'काम कोणाच्या देखरेखीखाली झाले' या रकान्यात मी माझं नाव लफ्फेदार अक्षरात लिहिलं.

चैत्र लागता लागता आम्ही राहायला गेलो. पंचशील म्हटलं, खीर वाटली. आईनं भिंतींवरून हात फिरवला, मग वर बघितलं.

"छतावर किती टोपले चढले रे?"

"माय, नियम इंचात असतो, टोपल्यात नसतो," मी हसत म्हणालो.

ती खिरीची भांडी आवरायला गेली.

महिनाभरात बहीण आली, आठवा संपत आलेला. पहिल्याच दुपारी तिला मधल्या खोलीत गरगरायला लागलं. ओल्या चादरी टांगल्या, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या, पण उष्मा वरून उतरत होता. रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या. चौथ्या दिवशी मी कामावरून आलो तर खोलीत बाज नव्हती आणि बहीणही नव्हती. आईनं तिला आमच्या जुन्या वस्तीतल्या मावशीच्या धाब्याच्या घरात नेऊन ठेवलं होतं. धाब्याचं घर म्हणजे लाकडावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, आणि त्यावर जाड मातीचं छत, आत दुपारीही गारवा.

मी भडकलो. "लोक काय म्हणतील? ओव्हरसियरचं पक्कं घर असताना बहीण दुसऱ्याच्या घरात बाळंत होते!"

"मंग काय तिले अठी भाजू?" आईचा आवाज चढला. "तुह्या कागदाले गारवा येत असंल तर तो अंथर तिच्याखाली. माह्या पोरीले कायी झालं तर तुह्या दाखल्याचं काय करू मी?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी टेप आणि पहार घेऊन छतावर चढलो. चप्पल खाली राहिली होती, पाय चटाचटा भाजले. चार ठिकाणी गिलावा फोडला. दोन इंच. एका कोपऱ्यात तर पावणेदोन. हेडमास्तरांचे साडेतीन होते आणि ते भाड्याच्या खोलीत घामाघूम होत होते.

खाली आलो आणि आईला म्हणालो, "तू साइटवर आली असतीस तर?"

"टोपले मोजले असते," ती म्हणाली. "इतक्या मोठ्या छताले किती लागते ते मले अंधारातबी सांगता येते. काहून नाई येऊ दिलं मले?"

मी खरं कारण सांगितलं. सांगायला नको होतं असं आजही वाटत नाही. तिनं ते ऐकून घेतलं. मग पदर खोचून उठली.

"विटाची वाट पायशीन तर तिचा दिवस निघून जाईन. खारी माती आण, पातूरच्या वाटेवर माह्या भावाच्या गावची. अन् पऱ्हाट्या. माती भिजवून, तुडवून, जाड थर दिऊ. मी सांगतो तसं करा."

दोन बैलगाड्या माती आली. मजूर मिळाले दोनच, कारण लग्नसराई होती. पहिलं टोपलं भरलं आणि आई सवयीनं वाकली. मी तिचा हात धरला.

"वचन दिलंयस."

"मंग कोण नेईन?"

मी शर्ट काढला, डोक्यावर टॉवेलची चुंबळ ठेवली आणि टोपलं उचललं. शिडीवर तिसऱ्या पायरीला माझी मान लटपटली. वसाहतीतले लोक दारात येऊन बघत होते. आई छतावर उभी राहून ओरडत होती, "मान ताठ ठेव! पायाकडं पाऊ नको!" तिला ओळखणारा एक म्हातारा गवंडी रस्त्यावरून जात होता. त्यानं तिला तिच्या जुन्या नावानं हाक मारली आणि तिनं वरूनच हात केला. मला काहीही वाटलं नाही. खरं तर मान इतकी दुखत होती की वाटायला जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर फाटकाशी आले. मी घाबरलोच.

"टेप मी धरू का?" ते म्हणाले.

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी खरंच टेप धरली. चार इंच भरल्यावर आईनं आणखी एक हात फिरवायला लावला, कारण तिच्या मते टोपली अजून कमी होती. उरलेली माती आम्ही त्यांच्या छतावर नेली आणि दोन दिवसांत त्यांचा अर्धा इंचही भरून निघाला.

बहीण परत आली आणि वैशाखाच्या शेवटी तिला मुलगी झाली, आमच्याच घरात, मधल्या खोलीत. मी माझा दाखला स्वतःहून रद्द करायला लावला होता, म्हणून आमचे मोठे साहेब तपासायला आले. दुपारी दोनची वेळ. बाळ झोपलेलं. साहेबांनी स्टुलावर चढून छताला तळहात लावला आणि तो तिथंच बराच वेळ ठेवला.

"त्याच तोडीचा म्हणतोस?"

"त्याहून सरस, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी नवा कागद पुढं केला. देखरेखीच्या रकान्यात मी आईचं पूर्ण नाव लिहिलं. साहेबांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि सही केली. ते गेल्यावर मी तिला तो रकाना बोट ठेवून वाचून दाखवला. तिचं नाव आजवर फक्त मजुरांच्या हजेरीपटावर लागलेलं होतं. ती नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं डावा हात पदराला पुसला आणि पुढं केला.

"अंगठा कोठी लावू?" तिनं विचारलं.